कळा सोसायच्या कशा? औषधाशिवायचे उपाय, स्वानुभव लिहा

चाफेकळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या. चौतिसावा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण. रिपोर्ट सगळे चांगले, बाळाचं डोकं खाली आहे, डॉक्टर म्हणतात काळजीचं काही कारण नाही. कारण मी स्वतःच आहे. मला दुखणं अजिबात सोसत नाही. रक्त काढायचं असलं तरी मी भिंतीकडे तोंड करून वीसपासून उलटे आकडे म्हणते आणि तरी मधेच नर्सला विचारते, झालं का?

जिथे नाव घातलंय तिथे एपिड्युरल (कळांसाठी पाठीच्या कण्यापाशी देतात ती भूल) मिळतं, पण भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात, रात्रीअपरात्री यायला वेळ लागू शकतो असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे घ्यायचं ठरवलं तरी तोपर्यंतचे तास माझे मलाच काढायचेत. म्हणून विचारतेय, प्रत्यक्षात काय उपयोगी पडतं? श्वास, मसाज, तो मोठा बॉल, गरम पाणी, सगळं वाचून झालंय. रील्समध्ये तर बाया मंद हसत बॉलवर डोलत असतात, त्यांच्याकडे बघून मला जास्तच भीती वाटते. यादी नकोय, तुमच्या वेळी काय चाललं आणि काय साफ फसलं ते सांगा. नवरा सोबत असणार आहे, तो रक्त बघून चक्कर येणाऱ्यांपैकी आहे, त्याचं काय करायचं तेही सांगा.

टिंब
पहिला! (बायकोला सहावा महिना. कोपऱ्यात बसून वाचतोय.)

रातराणी_१२
आयडीच चाफेकळी, मग कळा चुकतील कशा. दिवे घे गं.

मला दोन. पहिल्या वेळी मला कोणी सांगितलंच नव्हतं की कळ म्हणजे सलग दुखणं नसतं. मी समजून बसले होते की एकदा सुरू झालं की बाळ होईपर्यंत दुखतच राहणार, त्यामुळे दोन कळांच्या मधेही मी दात आवळून पुढचीची वाट बघत बसायचे आणि दमून गेले. दुसऱ्या वेळी हिशोब केला. ऐन जोरात असताना कळ येते साधारण मिनिटभराची, दर चार मिनिटांनी. म्हणजे तासात पंधरा मिनिटं दुखतं आणि पंचेचाळीस मिनिटं नाही. ती पंचेचाळीस मिनिटं वाया घालवायची नाहीत, बास. कळ ओसरली की खांदे सोडायचे, डोळे मिटायचे, मी तर चक्क दोन दोन मिनिटांच्या डुलक्या काढल्या. कळसुद्धा चढते, टोकाला जाते, उतरते. टोक वीसेक सेकंदांचं असतं. चढणीला घाबरलं की टोक आणखी उंच वाटतं.

बाकी काय लावायचं ते लावा, पण हा मधला वेळ ओळखायला शिक.

मिस्टर_गोंधळे
मला बाळंतपणाचा अनुभव नाही पण मुतखड्याचा आहे. डॉक्टर म्हणाले होते, बाळंतपणाच्या तोडीचं दुखणं असतं. तेव्हा मलाही या धाग्यावर बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

खडूस_काकू
गोंधळे, मुतखड्याला नंतर शाळेत घालावं लागत नाही.

मिस्टर_गोंधळे
दंडवत काकू. उठलोच इथून.

प्रश्नचिन्ह
प्रामाणिक प्रश्न, भांडायचं नाहीये. दाढ काढताना कोणी 'नैसर्गिक उपायांनी' काढा म्हणत नाही, मग इथेच हा हट्ट का? भूलतज्ज्ञ २४ तास हजर असेल असं हॉस्पिटल शोधा, विषय संपला.

आद्यखडा
प्रचि, कारण हा आजार नाही, निसर्गाची प्रक्रिया आहे. आमच्या आजीला दहा झाली, सगळी घरात. ना बॉल ना मसाज ना इंजेक्शन. आजकाल भीतीचाच धंदा झालाय.

खडूस_काकू
दहा झाली हे कळलं. जगली किती ते लिहायचं राहिलं का? आणि आजीला कोणी विचारलं होतं का, की बाई तुला दुखतंय का?

आद्यखडा
सात जगली. मुद्दा तो नव्हता.

खडूस_काकू
माझा तोच होता.

सुतारपक्षी
नवऱ्यांच्या बाजूने लिहितो, धागाकर्तीने विचारलंय म्हणून. मीही सुई बघून घामाघूम होणारा. मला सिस्टरनी सांगितलं, तुम्ही डोक्याच्या बाजूला राहा, खाली बघायचं कामच नाही. निम्मी भीती तिथेच गेली.

आमच्या बाळाचं डोकं खाली होतं पण त्याची पाठ आईच्या पाठीला लागलेली, त्यामुळे हिच्या कळा पोटात कमी आणि कमरेत जास्त. ती म्हणायची कंबर मोडतेय. मी आपला प्रेमाने पाठीवरून हात फिरवतोय तर ती ओरडली, चोळू नको, दाब! मग जमलं ते असं. ती पलंगाच्या कडेवर हात टेकून ओणवी, मी मागे, तळहाताची टाच माकडहाडाच्या जरा वर त्या सपाट हाडावर, कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन टाकायचं, कळ असेपर्यंत तसंच धरून ठेवायचं, हलायचं नाही. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंनी कुल्ल्यांवर तळहात ठेवून आत आणि जरा वर दाबायचं, त्याला दोन माणसं असली तर बरं. मला वाटायचं एवढ्या जोरात दाबलं तर हिला लागेल. ती म्हणायची अजून. सहा तास दाबत होतो, मधे मेव्हणीने पाळी घेतली. दुसऱ्या दिवशी माझी मनगटं सुजलेली आणि मी ते कोणाला सांगूही शकत नव्हतो.

रांगण्याच्या अवस्थेतही तिला बरंच हलकं वाटायचं. उताणं मात्र पाच मिनिटं झोपवलं नाही.

रातराणी_१२
सुप, मनगटाचं इथे सांगितलंत ना, आता मन हलकं झालं असेल.

पाऊसवेडी
कंगवा.

हसू नका. बारीक लाकडी कंगवा मुठीत घट्ट आवळून धरायचा, दात बोटांच्या मुळाशी टोचतील असा. कळ आली की आवळायचा, गेली की सोडायचा. मेंदूला दुसरं काहीतरी ठसठशीत मिळतं म्हणे. मला शेवटपर्यंत पुरला.

मिस्टर_गोंधळे
आमच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, घरात कंगवा नाही. आता कळलं मुतखडा एवढा का दुखला.

टिंब
आलात का परत.

जुनी_सिस्टर
सव्वीस वर्षं लेबर रूममध्ये काढली, आता निवृत्त. जरा लांब होईल, चहाबिहा घेऊन बसा.

चाफेकळी, सगळ्यात मोठी चूक सांगते. पहिलटकरणी फार लवकर येतात. पहिली सौम्य कळ आली की बॅग उचलून पळत. मग तपासलं की गर्भपिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं. हा सुरुवातीचा टप्पा पहिल्या खेपेला दिवसभर, कधी जास्तही चालतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ज्या सूचना काढल्या त्यात तर खरा जोरकस टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा असं म्हटलंय, आणि तिथून पुढे पहिल्या बाळाला सहसा बारा तासांच्या आत होतं. तेव्हा सुरुवातीलाच बॉलवर बसून श्वास मोजत बसलीस तर खरी वेळ येईपर्यंत तुझ्यात काही उरणार नाही. रात्र असेल तर झोपायचं. झोप नाही लागली तरी कुशीवर पडून राहायचं. दिवस असेल तर नेहमीची कामं करायची, थोडं थोडं खायचं प्यायचं. कळ आल्यावर बोलणं थांबायला लागलं, पाच मिनिटांनी एक, मिनिटभराची, असं तासभर चाललं की निघायचं. घर लांब असेल किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

पण हे सगळं घरी थांबणं कधी नाही तेही ऐक. पाणी गेलं आणि ते हिरवट असेल, रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा पोट दगडासारखं घट्ट होऊन सैलच होत नसेल, मधे आरामच नसेल, तर कंगवा शोधत बसू नकोस, तशीच्या तशी निघ. आधीचं सिझर असेल तर त्यांनी थांबूच नये.

श्वासाचं लोक उगाच अवघड करतात. हू हू ही ही असं भराभर केलं की बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, तोंड कोरडं पडतं. मी एकच सांगायची, आत कसाही घे, बाहेर सावकाश सोड. मेणबत्ती विझू न देता नुसती हलवायची आहे असा सोड. आणि ओरडायचं तर ओरड, पण खालच्या आवाजात. वरच्या पट्टीत किंचाळलं की खांदे कानाला लागतात, जबडा आवळतो, सगळं अंग आवळतं. गायीसारखं हंबर म्हणायची मी. पोरी लाजायच्या, मग तासाभराने सगळ्या हंबरायच्या. ओठ जबडा ढिला तर खालचंही ढिलं, हा माझा अनुभव आहे, शास्त्र काय म्हणतं ते डॉक्टरांना विचारा.

दर दोन तासांनी लघवीला जायचं, आठवण सोबतच्याने करायची. भरलेली लघवीची पिशवी डोक्याला खाली सरकू देत नाही आणि दुखतंही जास्त. शिवाय संडासच्या भांड्यावर बसलं की अंग आपोआप सैल सोडायची सवय असते, तिथे बऱ्याच जणींना कळा बऱ्या झेपतात.

शेवटी एक वेळ येते, आठ ते दहा सेंटिमीटरच्या दरम्यान. थरथर सुटते, उलटी होते, आणि बाई म्हणते मला घरी जायचंय, मला नको बाळ, कापा मला. हे ऐकलं की आम्ही हातमोजे चढवायचो. नवऱ्याला आधी सांगून ठेव की ती असं म्हणेल तेव्हा घाबरायचं नाही, जवळ आलंय असं समजायचं. हा टप्पा सगळ्यात वाईट पण सगळ्यात छोटा. तेव्हा कुठलंही तंत्र आठवत नाही. तेव्हा फक्त एक माणूस लागतो, तोंडापाशी तोंड आणून माझ्याकडे बघ, माझ्याबरोबर श्वास सोड म्हणणारा.

द्राक्षवेल
जुनी_सिस्टर, दंडवत. घरी जायचंय हे मी शब्दशः म्हटलेलं. चप्पल शोधत होते.

निळीशाई
थोडं वेगळं लिहिते, कोणाला टोचलं तर माफ करा.

मी पैसे भरून गर्भवतींचा क्लास केला. दोन महिने. तिथल्या बाई सांगायच्या की श्वास बरोबर घेतला आणि मन शांत असलं तर दुखत नाही, फक्त दाब जाणवतो. गर्भपिशवीचं तोंड म्हणजे उमलणारं फूल आहे अशी कल्पना करा. मी रोज ते रेकॉर्डिंग ऐकत झोपायचे. प्रत्यक्षात चौथ्या तासाला मला त्या रेकॉर्डिंगमधल्या बाईचा राग यायला लागला. फूल कसलं, ट्रक जात होता अंगावरून. एकोणीस तासांनी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून सिझेरियन झालं. बाळ छान आहे, आता चार वर्षांचं आहे.

पण कितीतरी महिने मी हाच विचार करत होते की माझं मन शांत नव्हतं म्हणून असं झालं. माझाच श्वास चुकला. हे कोणी माझ्या डोक्यात घातलं? त्यामुळे ज्या ताया इथे माझं तर काहीच दुखलं नाही असं लिहिणार आहेत त्यांनी आपलं नशीब म्हणून लिहा, तंत्र म्हणून नको.

रातराणी_१२
निळीशाई, मिठी. क्लासवाल्या बाईंना कोणीतरी जाब विचारायला हवा.

भूलवाला
आयडीवरून कळलंच असेल, धंद्याने भूल देतो. धागा वाचून राहवलं नाही.

निळीशाई, तुम्हाला जे सांगितलं त्याचं मूळ जुनं आहे. ग्रँटली डिक-रीड नावाचे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ होते, त्यांनी १९३३ मध्ये नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिलं. म्हणणं असं की भीतीने स्नायू आवळतात, आवळल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते. यात तथ्य आहे. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. पुढे फ्रान्सचे प्रसूतितज्ज्ञ फर्नांड लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन तिथली पद्धत बघितली आणि श्वासाचं प्रशिक्षण पॅरिसला आणलं, ते जगभर गेलं. इथवर ठीक. पण भीती गेली की दुखणं जातंच, ही उडी चुकीची.

गंमत बघा. कंगवा किंवा सुतारपक्षींचा दाब का चालतो याचं जे स्पष्टीकरण आपण देतो ते मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांच्या १९६५ च्या सिद्धांतावरून. मज्जारज्जूत एक फाटक असल्यासारखं असतं, दाब, स्पर्श, उष्णता यांच्या संवेदना जाड मज्जातंतूंमधून आल्या की वेदनेला ते फाटक अर्धवट बंद होतं. गुडघा आपटला की आपण चोळतो ते त्यामुळेच. आता याच मेल्झॅक यांनी नंतर बाळंतपणाच्या कळा मोजल्या. त्यांना आढळलं की प्रशिक्षण घेतलेल्यांना थोडं कमी दुखलं, पण थोडंच, आणि त्यातल्या बहुतेकींनी तरीही एपिड्युरल मागितलं. फाटक शोधणाऱ्यालाच माहीत होतं की ते पूर्ण लागत नाही.

आद्यखडा, भीतीचा धंदा म्हणालात. १८४७ मध्ये सिम्प्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म हे भुलीचं औषध वापरलं तेव्हाही वेदना नैसर्गिक आहे, राहू द्या म्हणणारे होतेच. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या वेळी ते घेतलं, डॉक्टर जॉन स्नो यांनी दिलं. सात निसर्गाने झाल्यावर आठव्याला तिला काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

प्रश्नचिन्ह, तुमच्याशी अर्धा सहमत. आत्ताच्या एपिड्युरलने सिझेरियनचं प्रमाण वाढत नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. पण ते द्यायला माणूस यावा लागतो, कधी बसत नाही, कधी एका बाजूलाच बसतं, काही जणींना रक्ताच्या त्रासामुळे देता येत नाही. तेव्हा चाफेकळींचा प्रश्न अगदी रास्त आहे. दाढेचंही म्हणाल तर दाढ चौदा तास निघत नाही.

माझ्या मते पुरावा सगळ्यात भक्कम कशाचा असेल तर सोबतीचा. १९८० च्या सुमारास ग्वाटेमालात क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांच्या गटाने पाहिलं की ओळखीपाळखीची नसलेली बाई नुसती शेवटपर्यंत जवळ बसली तरी प्रसूती लवकर झाली. २०१७ च्या कॉक्रेन (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात पंधरा हजारांहून जास्त बायकांचे अभ्यास एकत्र केले, सतत सोबत असेल तर सिझेरियन कमी, औषध कमी, वेळ कमी. दुसरं म्हणजे उभं राहणं, चालणं, बसणं. आडवं न राहता पहिला टप्पा सरासरीने तासाभराहून थोडा जास्तच कमी होतो. दोन्हीला खर्च शून्य.

प्रश्नचिन्ह
भूलवाला, चौदा तासांच्या दाढेला हात जोडले.

आद्यखडा
राणीवर माझ्याकडे उत्तर नाही. तरी म्हणतो, भीती कमी घातली तर बरं.

भूलवाला
त्यावर दुमत नाही.

मनमोकळी
गरम पाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? माझं सगळं बाळंतपण बाथरूममध्ये गेलं म्हटलं तरी चालेल. स्टुलावर उलटं बसून, म्हणजे पोट भिंतीकडे, हात भिंतीला टेकवलेले, आणि हँडशॉवर कमरेवर. नवरा दारात पाय दुमडून बसून शॉवर धरतोय. पाऊण तास तसा गेला की मला कळलंही नाही. बाहेर आले की परत दुखायचं, परत आत. टब वगैरे नव्हता. पाणी कोमटाहून जरा गरम, कढत नाही, कढत पाण्याने अंगाचं तापमान वाढलं तर बाळाचे ठोके वाढतात.

भूलवाला
बरोबर. टबमध्ये बसायचं असेल तर पाणी ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये असं सांगतात. फ्रान्समध्ये पिथिविए नावाच्या गावी डॉक्टर मिशेल ओदाँ यांनी कळांसाठी असे हौद वापरले आणि १९८३ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हापासून हे पसरलं. कळांसाठी पाण्यात बसणं आणि बाळ पाण्यात होऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा, पहिलीने एपिड्युरलची गरज कमी झाल्याचं दिसतं, दुसरीबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही.

द्राक्षवेल
मला मसाज नको झाला. आधी महिनाभर नवऱ्याला शिकवला, तेलाची बाटली बॅगेत, आणि वेळेला त्याने हात लावला की मला चीड यायची. त्याचा काही दोष नाही. काहींना स्पर्शच नको होतो. मग मी नुसती त्याच्या गळ्यात हात टाकून लटकायचे, कळ आली की गुडघे ढिले सोडायचे, वजन सगळं त्याच्यावर. चार तास. त्याची मान अजून कटकट करते.

टेन्सचं यंत्रही घेतलं होतं भाड्याने, ते पाठीवर चिकटवायचं, बारीक मुंग्या देणारं. सुरुवातीला लावलं तेव्हा बरं वाटलं, जोर वाढल्यावर समजेना चालू आहे की बंद.

सुतारपक्षी
मान, मनगट... नवऱ्यांचा वेगळा धागा काढावा का?

खडूस_काकू
काढा. आम्ही तिथे येऊन सुचवू, सावकाश श्वास सोडा.

टिंब
अवांतर, पण आमच्याकडे बायकोला सासूबाई आणि आई दोघीही आत यायला हव्यात. आत एकालाच सोडतात. काय करावं?

जुनी_सिस्टर
टिंब, तिला विचारा. दोघींना नाही, तिला. आणि ती तुमचंही नाव घेणार नाही याची तयारी ठेवा. मी बघितलंय, नवरा हवा म्हणून आत घेतलेला आणि तो मोबाइलवर मॅचचा स्कोअर बघतोय. तिसऱ्यांदा स्कोअर सांगितल्यावर बाईने पाण्याची बाटली फेकून मारली. नेम चांगला होता.

पाऊसवेडी
चाफेकळी, एक सराव सांगते. बर्फाचा खडा मुठीत एक मिनिट धरायचा. पहिल्यांदा नुसता धर, बघ कसं होतं. दुसऱ्यांदा सावकाश श्वास सोडत. तिसऱ्यांदा काहीतरी मोजत. बर्फ म्हणजे कळ नव्हे, कोणी भांडू नका, पण आपलं डोकं कशाने वळतं ते यातून कळतं. मला श्वासापेक्षा मोजणं बरं पडलं. नवऱ्यालाही धरायला लाव.

चाफेकळी
सगळ्यांना धन्यवाद, मला एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बर्फाचा प्रयोग केला. नवऱ्याने बावीस सेकंदांत टाकून दिला. मी मिनिट काढलं, वीसपासून उलटे आकडे तीनदा म्हणून. म्हणजे मला वाटतं तेवढी मी लेचीपेची नाहीये बहुतेक.

निळीशाई, तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. आम्ही ठरवलंय की जे होईल त्यावर नंतर मार्क द्यायचे नाहीत.

निळीशाई
गोड. सुखरूप मोकळी हो.

टिंब
बायकोला विचारलं. माझं नाव आलं नाही. तिची धाकटी बहीण आली.

चाफेकळी
धागा वर काढतेय. सात आठवडे झाले इथे न येऊन, कारण शेजारी झोपलंय. मुलगी. दोघी छान.

लिहायचं ठरवलं होतं म्हणून एका हाताने टाइप करतेय. पहाटे तीनला पाणी गेलं, स्वच्छ होतं. फोन केला, ते म्हणाले या, तपासून घेऊ. दोन सेंटिमीटर. जुनी_सिस्टर तुमची आठवण आली, मी चक्क कुशीवर पडून दोन तास झोपले. नऊच्या सुमारास खरा जोर आला. बॉलवर पाच मिनिटंही बसवलं नाही, बॉल नवऱ्याने वापरला. शॉवर, हो हो हो, मनमोकळी तुम्हाला काय देऊ. बेसिनवर ओणवं होऊन डोलणं चाललं. दाब चालला, चोळणं नाही. हंबरले, पहिल्या दोन वेळा लाज वाटली. कंगवा दोन तास चालला, मग मी तो आवळायचा म्हणून नवऱ्याचा हात आवळला आणि कंगवा मधेच होता, त्याच्या तळहातावर अजून सात ठिपके आहेत. आणि सगळ्यात जास्त काय चाललं तर तेच, वीसपासून उलटे आकडे. तो म्हणायचा, मी श्वास सोडायचे. तीन वेळा वीस म्हटलं की कळ उतरलेली असायची.

सहा सेंटिमीटरला मी एपिड्युरल मागितलं. भूलतज्ज्ञ सव्वा तासाने आले. तोवरचे तास माझे मीच काढायचे होते, काढले. घेतल्यावर पाऊण तास झोपले, मग नर्सने दोन गुडघ्यांच्या मधे भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसणारा एक मोठा बॉल घालून या कुशीवरून त्या कुशीवर वळवत ठेवलं. शेवटी जोर लावताना तिने खाली गरम पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक धरून ठेवला होता, तो फार बरा वाटला, टाके दोनच पडले.

आता प्रश्न असा की धाग्याच्या शीर्षकाप्रमाणे मी नापास का?

भूलवाला
अभिनंदन! सव्वा तास उशिरा येणाऱ्या जमातीतर्फे माफी.

खडूस_काकू
अभिनंदन गं. मार्क द्यायचे नाहीत असं ठरलं होतं ना. आणि ते रक्त बघून चक्कर येणारे?

चाफेकळी
काकू, डोक्याच्या बाजूला होता. पडला नाही. वार बाहेर आली तेव्हा मात्र भिंतीला टेकून खाली बसला, नर्सने त्याला ग्लुकोजचं पाणी दिलं.

मिस्टर_गोंधळे
अभिनंदन! मुतखड्याच्या वेळी मलाही कोणी वीसपासून मोजलं असतं तर.

जुनी_सिस्टर
सुखी राहा पोरी. सात ठिपक्यांचा फोटो काढून ठेव, लेक मोठी झाली की दाखव.

रानफुल_७
नवीन आहे, छत्तीस आठवडे. सगळा धागा वाचला. कंगवा नेमका कसा धरायचा? दात वर की खाली? मी खाली धरला तर तळहातात रुतून आत्ताच रडायला आलं.

पाऊसवेडी
तळहाताच्या मधे नाही गं, बोटं जिथे तळहाताला जुळतात त्या रेघेवर. पाठ अंगठ्याकडे, मूठ मिटायची. आणि प्लास्टिकचा नको, माझ्या बहिणीचा मोडला.